साडूचा दीड लाखाचा फोन आणि मी बोललेलं 'खरं'

पत्र थोडक्यात, ओळख पटेल असं सगळं काढून:

ऐरोलीत राहणारे, आयटीत नोकरी करणारे एक वाचक, चाळिशीच्या अलीकडचे. टेक्नॉलॉजीच्या बातम्या, लॉन्च, रिव्ह्यू रोज बघतात आणि 'काय घ्यायचं ते ह्याला विचारा' असा नात्यात त्यांचा मान होता. २०१२ मध्ये भावाला थ्रीडी टीव्ही घेऊ दिला नाही, २०२१ मध्ये ऑफिसातल्या मित्राला एनएफटीत (डिजिटल चित्रं वगैरेंच्या मालकीची ऑनलाइन टोकनं) पैसे घालू दिले नाहीत. ह्या दिवाळीत घोडबंदर रोडला धाकट्या साडूकडे फराळाला गेले. साडूने दसऱ्याला फोल्डवाला फोन घेतलाय, दीड लाखाच्या वरचा. सासरे तो हातात घेऊन उघड-मीट करत कौतुकाने बघत होते तेव्हा हे म्हणाले, "स्कॅम आहे हा. सहा महिन्यांत स्क्रीन मधोमध जाणार, दीड लाख पाण्यात." साडू हसला, मेहुणी उठून आत गेली. बायको परत येताना माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये एक अक्षर बोलली नाही आणि घरी आल्यावर म्हणाली, त्याची माफी मागा. ह्यांचा प्रश्न असा की मी खोटं काय बोललो, खरं बोलल्याची माफी मागायची का, की ह्यापुढे तोंडच बंद ठेवायचं? जाता जाता दोन गोष्टी लिहिल्यात. साडूने फोन घ्यायच्या आधी एका शब्दाने विचारलं नाही. आणि त्यांचा स्वतःचा फोन पाच वर्षं जुना आहे, अपडेट कधीच बंद झालेत, 'पण मस्त चालतोय'.

ऐरोलीकर, नमस्कार.

आधी तुमच्या बाजूचं बोलून घेते, कारण पत्राच्या सुरावरून वाटतंय की ह्या पंधरवड्यात घरात ते कुणीच बोललेलं नाहीये. थ्रीडी टीव्हीबद्दल तुम्ही बरोबर होतात. २००९ च्या डिसेंबरात 'अवतार' आला आणि पुढच्या वर्षी प्रत्येक कंपनीला वाटलं की आता लोक घरात काळे चष्मे लावून मालिका बघणार, आणि २०१७ पर्यंत एलजी आणि सोनीनेसुद्धा ते टीव्ही बनवणं सोडून दिलं. भावाचे पैसे वाचले ते तुमच्यामुळे. एनएफटीचं तर विचारूच नका. आणि छातीवर लावायची ती ह्युमेन नावाच्या कंपनीची एआय पिन, २०२४ च्या एप्रिलमध्ये आली, ६९९ डॉलर किंमत, वर महिन्याला २४ डॉलर, आणि वर्ष व्हायच्या आत कंपनीने एचपीला बरंचसं सामान विकून दुकान बंद केलं, २८ फेब्रुवारी २०२५ नंतर ती पिन घेतलेल्या लोकांच्या हातात नुसता एक चकचकीत बिल्ला उरला. असल्या वेळी घरात कुणीतरी 'जरा थांब' म्हणणारं असावंच लागतं.

कंपन्यांवर संशय घेता तेही चुकीचं नाही. हेडफोनचं भोक काढलं म्हणून सॅमसंगने २०१७ मध्ये ॲपलची खिल्ली उडवणारी जाहिरात केली आणि २०१९ मध्ये नोट १० मधून स्वतःच ते भोक काढलं. चार्जरचं तर अजून भारी, ॲपलने खोक्यातून चार्जर काढला म्हणून सॅमसंगने ऑक्टोबर २०२० मध्ये चिडवलं आणि जानेवारी २०२१ मध्ये ह्यांच्याही खोक्यात चार्जर नाही. ॲपलने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आयफोन १६ विकताना एआयचा एवढा गाजावाजा केला, पण फोन लोकांच्या हातात पडला तेव्हा त्यातलं काहीच सुरू नव्हतं, पहिला हप्ता ऑक्टोबरच्या शेवटी आला तोही अमेरिकन इंग्रजीत, आणि ती हुशार सिरी (ॲपलच्या फोनमधली बोलणारी मदतनीस) तर मार्च २०२५ मध्ये पुढे ढकलली. हे सगळं बघितल्यावर माणूस कडू होतो, मान्य.

पण तुम्ही विचारलंय की मी खोटं काय बोललो. मग बघूच की खरं किती होतं ते.

फोल्डवाल्या फोनबद्दलचं तुमचं मत कधीचं आहे? मला दाट शंका आहे की ते २०१९ च्या एप्रिलमधलं आहे. तेव्हा सॅमसंगचा पहिला फोल्ड रिव्ह्यू करणाऱ्यांच्या हातात दोन-चार दिवसांत मोडला होता, काहींनी वरचं प्लास्टिक स्क्रीनगार्ड समजून सोलून काढलं आणि स्क्रीनच गेली, लॉन्च सप्टेंबरपर्यंत पुढे गेला, आणि जगभर सगळ्यांनी खूप मजा घेतली. तुम्हीही घेतली असणार. ते तेव्हा खरं होतं. पण त्यानंतर २०२० मध्ये पातळ काच आली, २०२१ मध्ये पाण्यात टिकणारे फोल्ड आले, आणि दोन लाख वेळा उघड-मीट चालेल असं कंपनी पहिल्या फोनपासूनच सांगत होती, म्हणजे दिवसाला शंभर वेळा धरलं तरी पाच वर्षांच्या वर. तो आकडा लॅबमधला आहे, मशीन उघड-मीट करतं, घामट हाताने आणि खिशातल्या रेतीसकट कुणी करत नाही, तेव्हा त्यातून भरपूर वजा करा. तरी सहा महिने येत नाहीत हो.

कमजोरी आहेच त्या फोनांत. मधली घडी बोटाला लागते, आतली स्क्रीन साध्या फोनपेक्षा नाजूक, धूळ बऱ्याच मॉडेलना सोसत नाही आणि वॉरंटीबाहेर आतली स्क्रीन बदलायची म्हणजे त्या पैशात एक चांगला साधा फोन येईल. म्हणजे खरं वाक्य असं झालं असतं: 'मस्त आहे, पण आतली स्क्रीन जप, गेली तर खर्च मोठा आहे.' ह्यावर साडूने मान हलवली असती. तुम्ही बोललात ते भविष्य होतं, आणि भविष्य सांगण्यात टेक्नॉलॉजीवाल्यांचा इतिहास काही ग्रेट नाहीये. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर टीव्हीवर आयफोनला हसले होते, एवढा महाग फोन आणि कीबोर्ड नाही, धंदेवाले लोक कशाला घेतील म्हणून. २००१ मध्ये आयपॉडला जाणकारांनीच नाकं मुरडली. २०१६ मध्ये एअरपॉड आले तेव्हा कानात टूथब्रशची डोकी घालून फिरणार का, असे जोक होते, आता ठाणे-वाशी लोकलच्या डब्यात नजर टाका, निम्मे कान तसेच. आणि त्याच वर्षी यूपीआय आलं तेव्हा 'आपल्याकडे भाजीवाला कुठे हे वापरणार' असं म्हणणारे किती जण होते! तुम्ही त्यांच्यात होतात का हे एकदा आठवून बघा, मला उत्तर कळवायची गरज नाही.

आपल्याला बरोबर निघालेली मतं सालासकट पाठ असतात आणि चुकलेली मतं हवेत विरून जातात. तुम्ही दोन उदाहरणं दिलीत, २०१२ आणि २०२१. मधल्या नऊ वर्षांत तुम्ही गप्प होतात असं मला तरी वाटत नाही.

आता ते सहा महिने, मधोमध, पाण्यात, स्कॅम, ही भाषा. ही तुमची नाहीच, ही व्हिडिओवाल्यांची आहे. थंबनेलवर डोळे वटारलेला फोटो, लाल बाण, 'हा फोन चुकूनही घेऊ नका!' त्यांचं पोट त्यावर आहे, 'ठीकठाक आहे, ज्याला गरज आहे त्याने घ्यावा' असं म्हटलं तर कोण बघणार. त्यात बहुतेकांनी तो फोन आठवडाभर वापरलेला असतो आणि पुढच्या आठवड्यात दुसरा येतो, त्यामुळे तीन वर्षांनी काय होतं हे त्यांच्याकडून सहसा कळत नाही. तुम्ही ते रोज बघताय आणि मग तो सूर जेवणाच्या टेबलावर येतो. महाग वस्तू असणं आणि फसवणूक असणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, खऱ्या फसवणुकीकडे मी येतेच खाली.

बरं, हे सगळं बाजूला ठेवू. समजा तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. तरी दसऱ्याला बिल झालंय, दिवाळी आली, परत करायची मुदत कधीच गेली, तुमच्या माहितीचा साडूला काय उपयोग होता? तो काय करू शकत होता ते ऐकून? काहीच नाही. मग ती माहिती कुणासाठी होती? फोन त्या वेळी सासऱ्यांच्या हातात होता. सासऱ्यांचा टीव्ही कोणी निवडला, वायफाय कोणी लावून दिलं, हे तुम्ही लिहिलं नाहीये पण मी पैज लावते की तुम्हीच. आणि आता ते धाकट्या जावयाची वस्तू हातात घेऊन कौतुक करतायत आणि त्या वस्तूत मोठ्या जावयाचा हातच नाही.

तुमच्या पत्रात फोनबद्दल भरपूर लिहिलंय आणि 'मला विचारलं नाही' हे एकच वाक्य, तेही जाता जाता. माझ्या मते अख्खं पत्र त्याच वाक्यासाठी आहे. ह्यात लाजण्यासारखं काही नाही, ज्या गोष्टीत आपल्याला कळतं त्यात आपल्याला विचारावं असं कुणालाही वाटतं, स्वयंपाकात हात असलेल्या बाईला घरच्या कार्यात कुणी मेनू विचारला नाही तर ती पण फुगतेच. फक्त ते दुखणं फोनच्या स्क्रीनवर काढू नका.

त्याने का विचारलं नसेल? मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, पण एक शक्यता सांगते. तुम्हाला विचारलं की काय उत्तर येणार हे त्याला माहीत होतं. 'नको, फालतू आहे, पुढच्या वर्षी स्वस्त होईल, थांब.' नेहमी 'नको' येत असेल तर लोक विचारणं सोडतात आणि गुपचूप घेऊन येतात. दुसरी शक्यता, त्याला खरंच मोठी स्क्रीन हवी असेल, प्रवासात एक्सेल बघायचं असेल, डोळ्यांना त्रास होत असेल, काय माहीत. तिसरी, काही कारण नसेल, आवडला म्हणून घेतला, दसऱ्याचा मुहूर्त होता, पैसे होते. हेही कारण चालतं हो. लोक तेवढ्या पैशात फिरायला जातात आणि परत येताना हातात काहीच नसतं, त्याला आपण पाण्यात म्हणत नाही. हां, तो क्रेडिट कार्डाचं नुसतं मिनिमम भरत असेल, घराचा हप्ता चुकत असेल, तर गोष्ट वेगळी, पण मग तो बोलायचा विषय फोनचा नाहीच, आणि फराळाच्या ताटावरचा तर नाहीच नाही.

माफी मागायची का? हो. पण कशाची ते नीट ठरवा, कारण तुमचं अडकलंय ते तिथेच. फोनबद्दलचं मत बदला असं कुणीच म्हणत नाहीये. सगळ्यांसमोर, त्याच्या घरात, त्याच्या आनंदाच्या दिवशी, त्याच्या सासऱ्यांसमोर बोललात त्याची माफी आहे ही. व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर नको, तिथे माफी पण परफॉर्मन्स होते आणि खाली आत्याचे हात जोडलेले इमोजी येतात. बायकोमार्फत तर मुळीच नको. साधा फोन करा, किंवा त्या बाजूला गेलात तर चहाला जा, आणि 'अरे, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर नको ते बोललो, चुकलं माझं' एवढं बोलून थांबा. थांबणं अवघड आहे हे मला माहितीये. 'पण तसं बघायला गेलं तर त्या स्क्रीनचं...' हे जिभेवर येईल, ते गिळा. मग त्यालाच विचारा की कसा वाटतोय वापरायला, कशासाठी जास्त उघडतोस, आणि त्याचं उत्तर खरंच ऐका, कारण महिनाभर रोज तो फोन वापरणारा तुमच्या ओळखीतला माणूस तो आहे, तुम्ही नाही. तुमच्यासारख्या गॅजेटवाल्या माणसाला खरं तर ह्यात इंटरेस्ट यायला पाहिजे.

बायकोची माफी वेगळी. ती ह्याच्यात धरू नका. तिचं माहेर आहे ते, तिची बहीण उठून आत गेली, आता आईचा फोन आला की 'जावईबापू असं का बोलले' ह्याचं उत्तर ती देतेय. तुमचं बोलणं एका वाक्याचं होतं पण त्याचे हप्ते ती भरतेय. तिला 'मी बोललो साडूशी, मिटलं' एवढं सांगून मोकळे होऊ नका, तिला काय वाटलं ते विचारा आणि बोलू द्या, गाडीत बोलली नव्हती ते सगळं.

तोंड बंद ठेवायचं का? नाही, ते जमणार नाही आणि जमलं तरी चेहरा बोलेल. तोंड मिटून, भुवया उंचावून बसलेला माणूस बोलणाऱ्यापेक्षा जास्त टोचतो. त्यापेक्षा वेळ बदला. कुणी घ्यायच्या आधी विचारलं तर मनमोकळं बोला, पण सुरुवात मतापासून करू नका, प्रश्नापासून करा. फोनवर सगळ्यात जास्त काय करता, किती वर्षं वापरायचाय, बजेट किती आणि ते खरंच तेवढंच आहे का. मग अपडेट किती वर्षं मिळणार ते सांगा, ही गोष्ट दुकानदार सहसा स्वतःहून सांगत नाही आणि इथे तुमच्या ज्ञानाची खरी किंमत आहे: गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ पासून सात वर्षं कबूल केलीयेत, स्वस्तातल्या बऱ्याच फोनना त्याच्या निम्मी पण मिळत नाहीत. सर्व्हिस सेंटर ठाण्यात किंवा वाशीत आहे का, की सुट्टी टाकून मुंबईला पळावं लागणार, ते बघा. एकदा मत दिलं की संपलं, त्यांनी दुसरं काही घेतलं तर तो तुमचा पराभव नाही. आणि कुणी घेऊनच आलं असेल तर मत खिशात आणि हात कामाला: जुन्या फोनचा डेटा आणून द्या, बिलाचा फोटो काढून ठेवायला सांगा, स्क्रीनचा प्रोटेक्शन प्लॅन बहुतेक कंपन्या खरेदीनंतर ठराविक दिवसांतच देतात तो घेतला का विचारा. साडूच्या बाबतीत हे आजच करा, दिवस निघून चाललेत. आणि त्याला सांगा की आतल्या स्क्रीनवरचं ते पातळ प्लास्टिक कडेने सुटायला लागलं तरी स्वतः सोलू नकोस, सर्व्हिस सेंटरला ने, आणि काशीद-अलिबागला गेलास तर वाळूत तो फोन उघडू नकोस. हे त्याला तुमच्याकडून कळलं तर आवडेल.

ज्यांच्या घरात असा एक ऐरोलीकर आहे (आणि पत्रांवरून दिसतंय की बऱ्याच घरांत आहे), त्यांनाही सांगते. मत नको असेल तर आधीच बोला, 'घेतलाय, आता फक्त बघा आणि छान म्हणा.' मत हवं असेल तर दुकानात जायच्या आधी विचारा, काउंटरवरून व्हिडिओ कॉल करून नको. आणि त्यांचं ऐकलंत आणि वस्तू चांगली निघाली तर एकदा तसं सांगा, ह्या लोकांना तेवढं पुरतं.

आता खऱ्या फसवणुकीकडे. तुमचा तो संशयी स्वभाव सासऱ्यांसाठी वापरा, तिथे त्याला सोन्याचा भाव आहे. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशात बसून 'तुमच्या नावाने पार्सल पकडलंय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कुणाला सांगू नका, पैसे इकडे टाका' हा प्रकार ऐकलाच असेल, इतका वाढला की २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांना सांगावं लागलं की असली अटक कायद्यात नाहीच. एका संध्याकाळी सासऱ्यांजवळ बसा, असा कॉल आला तर कट करून तुम्हाला किंवा साडूला लावायचा हे ठरवून द्या, पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करायचा, जितकं लवकर तितकी रक्कम थांबायची शक्यता जास्त, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीशेजारी चिकटवा. यूपीआयची रोजची मर्यादा त्यांच्या गरजेपुरती खाली आणून द्या. बघा, ह्यातलं काहीही कुठल्या लॉन्च व्हिडिओत नसतं आणि ह्यातलं सगळं तुम्हाला येतं. तुमच्या सोसायटीतही असे दहा-वीस सासरे असतील.

आणि तुमचा तो पाच वर्षं जुना, मस्त चालणारा फोन. जुना आहे म्हणून काही बोलणार नाही, बॅटरी बदलून अजून चालवा म्हटलं असतं. पण सिक्युरिटी अपडेट बंद होऊन बराच काळ झालाय आणि त्याच फोनवर बँकेचं ॲप आहे (असणारच, आयटीत आहात), तर धोक्यात दीड लाखाचा फोन नाहीये, तुमचा आहे. बदला. घाई नको, बजेट ठरवा, अपडेटची वर्षं बघा, सगळं तुम्हाला येतंच. फक्त बिल करायच्या आधी साडूला एक फोन लावून विचारा, अरे, मी फोन घेतोय, तू काय घेशील माझ्या जागी? तो सांगेल तेच घ्यायला पाहिजे असं नाही, पण मध्ये न तोडता पूर्ण ऐका. आणि त्याने फोल्डवालाच घ्या म्हणून सांगितलं तर हसा, आणि तुझा महिनाभर वापरायला देतोस का म्हणून विचारा.